पपईच्या गोष्टीसाठी 22 प्रती हव्या आहेत

नमस्कार.

मुंबईत ना. म. जोशी मार्गावरच्या आमच्या छोट्या वाचनालयात दर शनिवारी बालवर्ग भरतो. चौथी-पाचवीची 24 मुलं येतात आणि सध्या वाचतोय त्या पुस्तकाच्या प्रती आहेत 2. म्हणजे एका पुस्तकावर बारा डोकी. मागे बसलेल्यांना पुढच्यांच्या वेण्यांखेरीज काही दिसत नाही. हे आवाहन त्यासाठीच आहे.

पुस्तक आहे थान्हा लाइ यांची 2011 साली आलेली इंग्रजी कादंबरी, 'इनसाइड आउट अँड बॅक अगेन'. कादंबरी असली तरी सगळी कवितांत. बैठकीत आमच्या ज्येष्ठ सभासदांनी "हे काय नवीन?" म्हणून भुवया उंचावल्या, तेव्हा गीतरामायणाचं नाव काढावं लागलं. 56 गाणी, ज्याचं गाणं त्याच्या तोंडी आणि मिळून अख्खी कथा. मग सगळे गप्प. फरक एवढाच, की इथे सगळ्या कविता एकाच मुलीच्या तोंडी आहेत. मुलगी दहा वर्षांची, दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीतली, सायगावची, नाव 'हा'. पहिला शनिवार त्या नावातच गेला. "ताई, हा की ही?"

गोष्ट 1975 च्या व्हिएतनामी नववर्षाला सुरू होते. त्या पहाटे घरात पहिलं पाऊल पुरुषाचं पडावं, तरच वर्ष चांगलं जातं, असा समज. ही कुणी उठायच्या आत पायाचा अंगठा जमिनीला टेकवून मोकळी! एप्रिलअखेर सायगाव उत्तर व्हिएतनामच्या फौजांच्या हाती जायच्या बेतात येतं, तेव्हा आई आणि तीन भावांबरोबर ती बोटीने निघते आणि अमेरिकेत अलाबामात जाऊन पोचते. तिथे इंग्रजी येत नाही म्हणून ही हुशार मुलगी वर्गात एकदम 'ढ' ठरते. मराठी शाळेतल्या आमच्या मुलांना हा भाग समजावून सांगावा लागला नाही.

शाळेच्या वहीत पात्राचा स्वभाव लिहायचा म्हणजे 'प्रेमळ, कष्टाळू, धाडसी' असे तीन शब्द लिहून मोकळं व्हायचं, ही सवय आपल्यालाही होतीच. माणूस गोष्टीच्या सुरुवातीला एक असतो आणि शेवटी वेगळा, हे त्या तीन शब्दांत येत नाही. या पुस्तकात ते हाताला लागतं, कारण कविता छोट्या आणि बहुतेकींखाली तारीख. वर्गात आम्ही दोरी बांधलीय. मुलं तारखेप्रमाणे चिठ्ठ्या कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवतात: 'हा'ला आज काय हवंय, तिने काय केलं, आणि पुरावा म्हणून कवितेतली एक ओळ. 'पुरावा' हा शब्द मुलांना भलताच आवडलाय. आता आम्ही खाऊ कमी आणला तरी पुरावा मागतात.

देश सोडताना प्रत्येकाने आवडीची एकच वस्तू घ्यायची असते. 'हा' उंदराने कुरतडलेली बाहुली घेते. त्या दिवशी वर्ग बराच वेळ थांबला. आमची काही मुलं पुनर्विकास होणाऱ्या जुन्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोल्या सोडून भाड्याच्या घरात गेलीत; एक मुलगी डोंबिवलीहून शनिवारी आजीकडे येते. ती म्हणाली, "आम्ही टेम्पोत सगळं नेलं. भिंतीवरच्या माझ्या उंचीच्या रेघा राहिल्या." ती चिठ्ठीही दोरीवर आहे, तारखेसकट.

आणि पपई. 'हा'ने अंगणात लावलेलं झाड मागे राहतं. अलाबामात तिला कुणीतरी वाळवलेली पपई भेट देतं, ती चिडून कचऱ्यात टाकते. मग आई पपई पाण्यात भिजवते आणि 'हा' ती खाते. आम्ही वर्गात पिकलेली पपई आणि टुटीफ्रुटी शेजारी शेजारी ठेवली. टुटीफ्रुटी कच्च्या पपईची असते, यावर कुणाचा विश्वास बसेना. मग भांडण जुंपलं: 'हा' खरंच बदलली का? "ती नाही बदलली, पपई बदलली," असं एकाने ठासून सांगितलं. निकाल अजून लागलेला नाही.

"झेरॉक्स काढून भागवा," असा सल्ला मिळालाय. बाजारात मिळणाऱ्या पुस्तकाची झेरॉक्स आम्हाला पटत नाही. नुसतं वाचून दाखवणंही पुरत नाही. ओळ कुठे तुटली, एका शब्दाला अख्खी ओळ का दिली, हे डोळ्यांनीच दिसतं. शिवाय ओळी आखूड असल्याने इंग्रजीला बिचकणारी मुलंही बोट ठेवून पानभर वाचून जातात.

तर 22 प्रती हव्यात. जुन्या चालतील. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या किंवा फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर नजरेस पडली तर आमच्यासाठी उचला. नावं घातलेली, कोपरे दुमडलेली, कशीही द्या, फक्त पानं पूर्ण असू देत. रोख देणाऱ्यांना पावती मिळेल. करसवलतीचं प्रमाणपत्र मात्र आमच्याकडे नाही, हे आधीच सांगतो. प्रतींपुरते पैसे जमले की फलकावर तसं लिहू आणि घेणं थांबवू.

पैशांइतकीच गरज माणसांची आहे. शनिवारी 4 ते 6 इंग्रजी कविता वाचून मराठीत मुलांशी बोलू शकतील असे दोघं जण हवेत. शिक्षक असायची अट नाही. मुलांचं म्हणणं पुरतं ऐकून घेणारे असावेत, उत्तर आधीच सांगून टाकणारे नकोत. महिन्यातून दोन शनिवार जमले तरी पुष्कळ.

वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी 6 ते 8.30 उघडं असतं. प्रती आणि पैसे टेबलावरच्या वहीत नोंद करून द्यावेत. पपई कृपया आणू नये. मागची दोन दिवस कपाटात राहिली होती.

आपले,
वाचनालयाची कार्यकारिणी आणि बालवर्ग