घड्याळ घालून पोहू का?

प्रिय नंद्या,

शाळेच्या सहलीत गुडघाभर पाण्यात उभा राहून थंडी वाजते म्हणणारा तू, आता रोज तलावावर जातोस! वाचून हसलो आणि बरंही वाटलं.

स्मार्ट घड्याळ घालून पोहू का, असं विचारलंस. आधी त्याची पाठ बघ. ५ एटीएम (म्हणजे वातावरणाच्या पाचपट दाब) किंवा ५० मीटर लिहिलं असेल तर खुशाल घालून पोह. मात्र ५० मीटर खोल बुडी मारता येईल, असा त्याचा अर्थ नाही. तो कोऱ्या घड्याळावर तपासलेला स्थिर पाण्याचा दाब. नुसतं आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा, लिहिलं असेल तर काढून ठेव. ती चाचणी संथ, गोड्या पाण्यातली असते.

माझ्या पहिल्या घड्याळानं मान टाकली ती पोहताना नाही, पोहून झाल्यावर. मी तसाच गरम शॉवरखाली जायचो, साबण, शाम्पू सगळं मनगटावरून. आत पाणी शिरू न देणारी असते एक बारीकशी रबरी रिंग. क्लोरीननं ती हळूहळू झिजते, उष्णतेनं तिची पकड सैलावते, आणि साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा सहज फटीत शिरतं. वर्षभरात काचेआड धुकं दिसायला लागलं. दुकानदार म्हणाला, पाणी गेलं की वॉरंटी संपली. मी काय भांडणार? चूक माझीच होती.

तेव्हापासून तलावाबाहेर आलो की घड्याळ काढतो, साध्या गार पाण्याखाली धरतो, पट्ट्याची आतली बाजूही धुतो आणि पुसतो. पट्ट्याखाली क्लोरीनचं पाणी राहिलं तर मनगटावर पुरळ उठतं, तेही भोगून झालंय. पट्टा सिलिकॉनचाच घे, चामड्याचा नको. आणि ओलं घड्याळ चार्जरला लावू नकोस, टोकं गंजतात.

पाण्यात उतरण्याआधी स्क्रीन लॉक कर, नाहीतर थेंबच बटणं दाबत सुटतात. तलावाची लांबी २५ की ५० मीटर, तेही घड्याळात नीट भर; मी चुकीची भरली आणि आठवडाभर दुप्पट पोहल्याच्या आनंदात होतो! फळी धरून नुसते पाय मारलेस तर मात्र ती फेरी बहुधा मोजली जाणार नाही, कारण हात हलत नाही. पाण्यातल्या नाडीच्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नकोस.

घड्याळाच्या पाठीचा फोटो पाठव. तोवर फेऱ्या तोंडानं मोज.

तुझा,
विन्या