ठेवींचा हिशेब दारावर लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींच्या बातम्या मराठवाड्यात आता नव्या राहिल्या नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीचेही पैसे अशाच एका संस्थेत अडकलेत, दाजींच्या निवृत्तीचे. शाखेला कुलूप लागलं त्या दिवशी ती पावती घेऊन दारात उभी होती. आपला पैसा कोणाला कर्जाऊ दिला, हे तिला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

मी लातूरच्या मोंढ्यात आडतीच्या दुकानावर ३१ वर्षं मुनीम होतो. जुना व्यापार सगळा सचोटीचा होता असं मी म्हणणार नाही. जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाच आकडा कळायचा नाही. कडत्याच्या, म्हणजे घट-तुटीच्या वजावटीच्या, नावाखाली माल कापला जायचा. त्या रीती मोडल्या ते बरंच झालं. पण आमच्या दुकानात रोजमेळ, म्हणजे दिवसभराचा जमाखर्च, जुळल्याशिवाय गादीवरून उठायचं नाही, हा दंडक होता. शेतकरी "माझं खातं दाखवा" म्हणाला की वही उघडून त्याच्यापुढं ठेवायची. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायची.

ही रीत आपल्याकडे फार जुनी. नाशिकच्या पांडवलेण्यांत, १० क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवली. त्यातली २००० दरमहा शेकडा एक व्याजानं, १००० शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि किरकोळ खर्च भागवायचा. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि रीतीप्रमाणं फलकावर नोंदवलं, असंही तिथं कोरलेलं आहे. ठेव, व्याज, वापर, सगळं चारचौघांत.

आज बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, पण तो पैसे बुडाल्यावरचा. म्हणून मागणी करतो की प्रत्येक पतसंस्थेनं दर महिन्याला शाखेच्या दारावर मराठीत फलक लावावा: ठेवी किती, कर्जं किती, थकबाकी किती, आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडे किती. सहकार खात्यानं हे सक्तीचं करावं. अक्षर मात्र सत्तरीतल्या बाईला रस्त्यावरून वाचता येईल एवढं मोठं हवं.

– एक निवृत्त मुनीम, लातूर