परदेश, तिशी आणि मार्कशीट

महोदय,

तालुक्याच्या बस स्टँडवर हल्ली ‘जर्मनीत नर्सिंग, महिना अडीच लाख’ छापाचे फलक दिसतात. पोरं-पोरी त्या आकड्यावरूनच देश ठरवतात. तो आकडा कापाकापीच्या आधीचा असतो. जर्मनीत कर, आरोग्यविमा, पेन्शन वजा जाता एकट्या माणसाच्या हाती साधारण दोन-तृतीयांश पडतात. शिवाय जर्मन भाषा बी2 (वरच्या मध्यम) पातळीपर्यंत आणि पदवीला तिथली मान्यता झाल्याशिवाय पूर्ण नर्सचा पगार सुरू होत नाही.

कायम राहायचे असेल तर आधी वय मोजावे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत (कायम वास्तव्यासाठी गुणांवर निवड करणारी पद्धत) 20 ते 29 वयाला पूर्ण गुण, तिशीनंतर दरवर्षी पाच-सहा कटतात. ऑस्ट्रेलियात 25 ते 32 ला 30 गुण मिळतात, पंचेचाळिशी उलटली की गुणांवरचा अर्ज घेतच नाहीत. कॅनडाने नोकरीच्या ऑफरचे जादा गुण 25 मार्च 2025 पासून बंद केले. तरी ऑफर लेटरचे पैसे मागणारे एजंट फिरतातच! अमेरिकेत एच-1बी हा नोकरीचा व्हिसा लॉटरीवर, आणि ग्रीन कार्डात (कायम वास्तव्याचा परवाना) एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीय इंजिनिअरची रांग वर्षानुवर्षांची. जपानचा कुशल कामगार व्हिसा एन4 या प्राथमिक पातळीच्या जपानी भाषेवर आणि कौशल्य चाचणीवर मिळतो, पण पहिल्या टप्प्यात पाचच वर्षे, तीही बायको-मुलांविना. आखातात कायमचे बस्तान क्वचितच बसते. केरळ आणि फिलिपिन्सच्या नर्स तिथे दोन-तीन वर्षांचा अनुभव गाठीला बांधून ब्रिटन-आयर्लंड गाठतात.

आपल्याकडचे अर्ज अडतात ते मात्र नावावर. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. तपासणारा परदेशी कारकून पहिला शब्द हेच नाव समजतो. त्यात मार्कशीटवर ‘वानखडे’, पासपोर्टवर ‘वानखेडे’. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. ही दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डाकडे किंवा राजपत्रातून होते आणि तिला महिने लागतात. त्यानंतर कागदांवर राज्याचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का), याच क्रमाने. आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा शेवटी द्यावी. निकाल दोनच वर्षे चालतो. आधी दिली आणि कागद रखडले तर फी पुन्हा भरावी लागते.

शेत गहाण टाकण्याआधी एजंटचा परवाना केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासावा. नोंदणीकृत एजंटला 30 हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जिल्हा कौशल्य विकास केंद्राने अशा परवानाधारकांची यादी त्याच बस स्टँडवर, त्याच फलकांशेजारी मराठीत लावावी, ही विनंती.

— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)