‘सगळे यूटीसीत साठवा’ हा सल्ला अर्धाच बरोबर

महोदय,

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी आपण चालवत असलेल्या सदरात तारीख-वेळेबद्दल ठाम सल्ला छापून आला आहे : डेटाबेसमध्ये प्रत्येक वेळ यूटीसीत, म्हणजे जगभरासाठीच्या एकाच प्रमाणवेळेत, साठवा, दाखवताना तेवढी स्थानिक वेळेत बदला, प्रश्न मिटला. नवशिके हे वाक्य तोंडपाठ करतात आणि पुढे त्याच्याच भरवशावर चुका करतात, म्हणून हे पत्र. घडून गेलेल्या गोष्टींसाठी हा सल्ला अगदी योग्य आहे. पैसे कधी जमा झाले, लॉगिन कधी झाले, या क्षणांची नोंद यूटीसीतच हवी. पुढे घडायच्या गोष्टींना मात्र तो लागू पडत नाही.

समजा, २००५ च्या सुरुवातीला कुणी न्यूयॉर्कमधली २० मार्च २००७, सकाळी १० ची बैठक कॅलेंडरमध्ये टाकली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तिथे उन्हाळी वेळ (घड्याळ एक तास पुढे करणे) एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू होई. म्हणजे २० मार्चला तिथले घड्याळ यूटीसीच्या पाच तास मागे. प्रोग्रामने १५:०० यूटीसी साठवले. ऑगस्ट २००५ मध्ये कायदा बदलला, आणि २००७ पासून उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी, त्या वर्षी ११ मार्चला, सुरू झाली. आता २० मार्चला फरक चारच तासांचा. साठवलेले १५:०० उलट फिरवले की बैठक ११ वाजता दिसते, आणि माणसे तर १० वाजता जमणार. आकडा कुणी बदलला नाही, रूपांतराचा कोडही बरोबर आहे, तरी उत्तर चूक. लोकांनी ठरवले होते ‘तिथल्या घड्याळात १०’, आणि नेमकी तीच माहिती साठवताना टाकून दिली गेली.

म्हणून भविष्यातल्या वेळेसाठी दोन रकाने लागतात : एकात स्थानिक तारीख-वेळ जशी ठरली तशी, दुसऱ्यात टाइमझोनचे पूर्ण नाव, ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ असे, आयाना टाइमझोन डेटाबेसमधले (जगभरच्या टाइमझोनचे नियम नोंदवणारा संग्रह). ‘उणे ५:००’ लिहून भागत नाही. तो त्या घडीचा फरक झाला, त्यातून नियम कळत नाही. आठवण पाठवण्यासाठी किंवा क्रम लावण्यासाठी यूटीसीचा तिसरा रकाना जरूर ठेवावा, पण तो काढलेला आकडा आहे हे लक्षात ठेवून. टाइमझोन डेटाबेसची नवी आवृत्ती आली की पुढच्या तारखांपुरता तो पुन्हा काढायचा. अशा आवृत्त्या वर्षातून अनेकदा येतात. शिवाय जावा या डेटाबेसची स्वतःची वेगळी प्रत बाळगते. ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केली आणि जावा तशीच राहिली, तर एकाच सर्व्हरवरचे दोन प्रोग्राम दोन वेगळी उत्तरे देतात.

इथे पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणारे हमखास फसतात. त्यातल्या ‘टाइमस्टॅम्प विथ टाइमझोन’ या प्रकारात टाइमझोन साठवलाच जात नाही. आलेली वेळ यूटीसीत बदलून ठेवली जाते, झोन टाकून दिला जातो. झोनचे नाव हवे असेल तर वेगळा रकाना करावाच लागतो.

जन्मतारखेचे आणखी वेगळे. तिला वेळही नसते, झोनही नसतो. ती नुसती तारीख म्हणूनच साठवावी. जावास्क्रिप्टमध्ये ‘१९९०-०५-१२’ एवढीच अक्षरे डेट ऑब्जेक्टला दिली तर ती यूटीसीतली मध्यरात्र धरली जाते, आणि न्यूयॉर्कमधल्या ब्राउझरमध्ये ११ मे, रात्रीचे ८ दिसतात. त्याच अक्षरांपुढे वेळ जोडली आणि झोन लिहिला नाही, तर मात्र ती स्थानिक वेळ मानली जाते. एका अर्जात तारीख बरोबर आणि दुसऱ्यात एक दिवस मागे, या तक्रारीचे मूळ बहुधा हेच असते.

बेरीज-वजाबाकीत ‘एक दिवस’ आणि ‘२४ तास’ एक धरू नयेत. न्यूयॉर्कमध्ये ७ मार्च २०२६ च्या दुपारी १२ पासून ८ मार्चच्या दुपारी १२ पर्यंत २३ तासच होतात, कारण त्या पहाटे उन्हाळी वेळ सुरू होऊन घड्याळ एक तास पुढे जाते. पायथनमध्ये एकाच झोन ऑब्जेक्टच्या दोन वेळा वजा केल्या तर उत्तर २४ तास येते, कारण तिथे नुसत्या घड्याळातल्या आकड्यांची वजाबाकी होते. खरा कालावधी हवा असेल तर दोन्ही वेळा आधी यूटीसीत बदलाव्यात. कोडचा एखादा भाग किती वेळ चालला हे मोजायचे असेल तर भिंतीवरच्या घड्याळाच्या वाटेलाच जाऊ नये. ते मध्येच दुरुस्त होऊन मागे सरकू शकते आणि कालावधी उणे येतो. त्यासाठी मोनोटॉनिक क्लॉक, म्हणजे कधीच मागे न सरकणारे घड्याळ, असते.

महिना मिळवताना ३१ जानेवारीची पंचाईत होते. लीप वर्ष नसेल तर जावाची नवी लायब्ररी २८ फेब्रुवारी देते, जावास्क्रिप्टमध्ये महिना एकाने वाढवला तर ३ मार्च येतो. मासिक हप्त्यांच्या तारखा काढताना आधीच्या हप्त्यात महिना मिळवत गेलात तर जावातही २८ फेब्रुवारीनंतर २८ मार्च येतो, आणि ३१ कायमची हरवते. दर वेळी मूळ तारखेपासूनच मोजावे : मूळ अधिक एक महिना, मूळ अधिक दोन महिने. आणि हप्ते लांबचे असतील तर मायएसक्यूएल या डेटाबेसचा ‘टाइमस्टॅम्प’ प्रकार नकोच. त्याची मर्यादा १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७ यूटीसी ही आहे. आज घेतलेल्या ३० वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्याच्या कितीतरी पलीकडे जातो.

टेस्ट लिहिणाऱ्यांनी काही तारखा कायमच्या ठेवाव्यात. न्यूयॉर्कमध्ये ८ मार्च २०२६ ला पहाटेचे २:३० वाजतच नाहीत, १ नोव्हेंबर २०२६ ला उन्हाळी वेळ संपून घड्याळ मागे येत असल्याने रात्रीचे १:३० दोनदा वाजतात; लायब्ररी यातले काय निवडते ते तपासून लिहून ठेवावे. सामोआ या पॅसिफिकमधल्या बेटदेशात ३० डिसेंबर २०११ हा दिवसच उगवला नाही. ३१ डिसेंबर २०२५ तर हवीच : जावामध्ये वर्षासाठी स्मॉल वायऐवजी कॅपिटल वाय लिहिला गेला असेल, तर आठवड्यानुसारचे वर्ष (तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते) धरले जाऊन तिथे २०२६ छापले जाते, आणि ही चूक वर्षाचे बाकी जवळपास सगळे दिवस लपून राहते.

सदरात दुरुस्ती छापावी ही विनंती. जागा कमी असेल तर बाकीचे सोडले तरी चालेल, २० मार्च २००७ च्या बैठकीचे उदाहरण तेवढे आकड्यांसह घ्यावे.

– एक वाचक