सूचना : तळघरातील पंपांची पावसाळ्यापूर्वीची तपासणी

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता तळमजल्याखालच्या पार्किंगमधील दोन्ही सबमर्सिबल पंप तपासायचे आहेत. रॅम्पजवळच्या गाड्या शनिवारी रात्रीच हलवाव्यात.

आपला रॅम्प साधारण ६० चौरस मीटरचा आहे. ५० मिलिमीटर पाऊस झाला की एकट्या रॅम्पवरून ३,००० लिटर पाणी खाली उतरतं, त्यामुळे एक पंप बंद असणं परवडणारं नाही.

आधी मेन स्विच बंद करून पंपाच्या खड्ड्यातला गाळ काढू आणि पंपाच्या तळाची जाळी घासू. जाळीत दरवर्षी दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे सापडतात. कृपया रॅम्पच्या गटारात काही टाकू नका. मग स्विच पुन्हा चालू करून पाइपने खड्डा भरायचा. फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) वर येताच पंप सुरू व्हायला हवा, पाणी उतरलं की आपोआप बंद. फ्लोट वरच अडकला तर पंप कोरडा चालतो आणि वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळतं. पंप थांबल्यावर पाइपातलं पाणी खळखळत परत आलं तर एनआरव्ही (पाणी परत येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गेला समजा. तेच पाणी पुन्हा पुन्हा उपसलं जातं.

गंगापूर धरणाचा विसर्ग वाढून गोदावरी फुगली की नाल्याचं पाणी उलटं मागे येतं. म्हणून बाहेरच्या पाइपचं तोंड नाल्याच्या काठापेक्षा वर घेणार आहोत.

तळघरात पाणी दिसलं तर गाडी काढायला उतरू नका. आधी वॉचमनला सांगून खालची वीज बंद करून घ्या.

– व्यवस्थापन समिती