थंडीच्या रात्री मांजराला घरात घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी वाढली की निफाडचा पारा आपल्या पहिल्या पानावर येतो. २०१८ च्या डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंशांची नोंद झाली होती, तो आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार रात्ररात्र जागून बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच रात्री नाशिक शहरातल्या अनेक घरांतून पाळलेलं मांजर दाराबाहेर काढलं जातं आणि दार उघडतं ते सकाळी दूधवाला आल्यावर. त्याबद्दल हे पत्र.

'अंगभर केस आहेत, त्याला कसली थंडी?' हे उत्तर मला अजिबात पटत नाही. मांजराच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण ३८ ते ३९ अंश असतं आणि ते टिकवण्यासाठी त्याला खाणं व आडोसा दोन्ही लागतं. आपल्या गावठी मांजरांचे केस तर आखूडच. पिल्लांना पहिले काही आठवडे स्वतःची ऊब राखताच येत नाही. म्हाताऱ्या मांजरांचे सांधे आखडतात, ती उडी मारायचं टाळू लागतात. आपण त्याला आळस म्हणतो.

घरात घेणं हाच खरा उपाय. सोसायटीतल्या, कोणाच्याच नसलेल्या मांजरांसाठी मात्र एक खोकं पुरतं. औषधं किंवा मासळी येते ते झाकणाचं थर्माकोलचं खोकं धुऊन घ्यावं, मांजर जेमतेम आत शिरेल एवढंच भोक पाडावं आणि ते दोन विटांवर, वाऱ्याकडे पाठ करून ठेवावं. खोकं मोठं नको; लहान असलं तर मांजराच्या अंगाच्याच उबेने आतली हवा लवकर तापते. आत जुनी गोधडी घालायचा मोह होतो, पण कापड दव आणि ओल धरून ठेवतं आणि पहाटे तेच गार पडतं. त्याऐवजी भाताचा कोरडा पेंढा भरावा. मांजर त्यात पायाने उकरून खळगा करतं, नाकावर शेपूट घेतं आणि गोल होऊन झोपतं. हे एकदा जवळून पाहिलं की कोणाला वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

घरातल्या मांजराला गरम पाण्याची पिशवी द्यायची तर जाड कापडात गुंडाळूनच द्यावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि नको, तो धूर माणसालाही मारतो. थंडीत मांजरं पाणी कमी पितात आणि बोक्यांची लघवी अडकण्याचा धोका वाढतो. पाणी कोमट करून ठेवावं. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसून जोर करत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते औषधांबद्दल. मांजर शिंकू लागलं की घरातली पॅरासिटामोल मोडून अर्धी गोळी दुधातून दिली जाते. देणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ही गोळी पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. अर्धी गोळीही जिवावर बेतू शकते. कापूर, निलगिरीचं तेल आणि छातीला चोळायचे बाम यांपासूनही मांजराला लांब ठेवावं. शिंका बऱ्याचदा विषाणूमुळे येतात. त्यावरची लस मिळते, ती थंडीच्या तोंडावर नव्हे तर पिल्लू दोन महिन्यांचं होत असतानाच सुरू करायची असते.

आणि गाड्या. रात्री उशिरा घरी आलेल्या गाडीचं इंजिन बराच वेळ गरम राहतं, मांजर खालून चढून त्यावर जाऊन बसतं. सकाळी चावी फिरली की पंख्यात किंवा पट्ट्यात सापडतं. बोनेटवर दोन थापा मारायच्या, क्षणभर थांबायचं आणि मगच गाडी सुरू करायची. सोसायट्यांच्या वॉचमननी गेटवर एवढं सांगितलं तरी पुष्कळ पिल्लं वाचतील.

आपल्याला एकच विनंती. थंडी संपेपर्यंत रोज किमान तापमानाच्या चौकटीखाली एक ओळ छापावी: 'गाडी सुरू करण्याआधी बोनेट वाजवा.'

आपली नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक