सस्नेह आवाहन : नागपूरच्या भूवारशाला जगाची मान्यता हवी

सप्रेम नमस्कार,

पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खन ट्रॅप, म्हणजे लाव्हा थिजून बनलेले काळ्या पाषाणाचे थर, २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला. आनंद आहे, मनापासून आहे. पण त्याच काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेला बसलेल्या नागपूरचा कुठे उल्लेखही नसावा? म्हणूनच नागपूरला ‘युनेस्को ग्लोबल जिओपार्क’ (भूवारसा जपणारा, लोकांना दाखवणारा प्रदेश) हा दर्जा मिळावा, यासाठी हे आवाहन. याच नागपूरच्या भूगर्भावर १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर निबंध छापून आला होता!

तो निबंध हिस्लॉप आणि हंटर या पाद्र्यांचा. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळातून त्यांनी गोड्या पाण्यातले शंख, फळे, बिया वेचून काढल्या. पुढे १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांच्या नावाचे कॉलेज सगळ्यांना ठाऊक आहे, टाकळीचा तो गाळथर विचारला तर मात्र सगळे गप्प. त्यावर आता घरे उभी आहेत. सीताबर्डीच्या टेकडीचेही तेच. १८१७ ची लढाई पोरांना पाठ असते, पण लाव्हाखालचे डायनासोरच्या काळातले लॅमेटा थर त्यांना कोणी दाखवत नाही. कामठीच्या वालुकाश्मावरून एका अख्ख्या शैलसमूहाला नाव मिळाले, त्यात ग्लोसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात. मनसरच्या मँगनीज खाणींतला गोंडाइट हा मँगनीजयुक्त खडक तर भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंडांच्या नावावरून जगाला ओळखीचा केला. एवढे सगळे एका दिवसाच्या फेरीत पाहता येईल असे शहर आणखी कोणते आहे, सांगा बरे.

मंडळाचे आजवरचे काम आपण जाणताच. आपले सर निवृत्तीनंतरही दर हिवाळ्यात मुलांना खदानींवर नेतात, आणि मुलांच्या आधी स्वतः उतरतात. महालातल्या छापखानेवाल्या दादांनी पहिली माहितीपत्रिका कागदाच्या भावात छापून दिली, वर चहाही पाजला. धरमपेठेच्या काकूंनी यजमानांच्या स्मरणार्थ दगडांच्या नमुन्यांसाठी काचेचे कपाट दिले, ते आजही सभागृहाची शोभा आहे. रामटेककडच्या ज्या शेतकरीबंधूने बांधावरचा खडक फोडू दिला नाही, त्याचे ऋण कसे फेडावे कळत नाही. खेद एवढाच, की मागच्या आवाहनाला ग्रुपवर अंगठे भरपूर आले आणि रविवारी खदानीवर नेहमीचीच माणसे दिसली. एका कार्यालयाने तर ‘दगडांसाठी तरतूद नाही’ म्हणून अर्ज परत पाठवला. असो.

युनेस्को ग्लोबल जिओपार्कचा दर्जा २०१५ पासून दिला जातो, आणि अजून भारतात एकही नाही. त्यासाठी कायद्याने मान्यता असलेली व्यवस्थापन संस्था लागते, निदान एक वर्ष जिओपार्कसारखे प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. मग सरकारमार्फत १ जुलैपर्यंत इरादापत्र, ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रस्ताव, त्यानंतर परीक्षकांची पाहणी. दर्जा मिळाला तरी दर चार वर्षांनी फेरतपासणी. हे एकट्या मंडळाच्या आवाक्यातले नाही, सरकार आणि विद्यापीठाला हात द्यावाच लागेल. पण रिकाम्या हाताने त्यांच्या दारी गेलो तर पुन्हा तोच शेरा मिळेल. म्हणून आधी स्थळांची नोंद, नकाशे, छायाचित्रे आणि फलक आपण करू. उशीर करून चालणार नाही, प्रत्येक पावसाळ्यानंतर एखादी खदान मुरूम-मलब्याने बुजलेली सापडते.

हवे ते असे : फलक, छपाई व गाडीभाड्यासाठी देणगी (रोख नको, धनादेश मंडळाच्या नावे, पावती लगेच); कॅमेरा व जीपीएस वापरणारे तरुण; इंग्रजी मसुदा तपासणारे; भूशास्त्राचे विद्यार्थी; जुनी छायाचित्रे व नमुने (परत मिळतील); खदानमालकांशी ओळख असलेले कोणीही. पहिला फलक ६ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय भूविविधता दिनी लावायचा आहे, त्यामुळे देणगी सप्टेंबरअखेर पोचावी. कार्यालय संध्याकाळी ६ ते ८, सोमवार बंद. जिना अरुंद आहे, ज्येष्ठांनी खालूनच हाक मारावी, कोणीतरी खाली येईल.

आपला,
चिटणीस